खोली नंबर नऊचे गुडघे

दवाखान्याच्या केसपेपरच्या खिडकीत सव्वीस वर्षं बसलेल्या माणसाला लोक खिडकीकाका म्हणतात, यात नवल नाही. नवल हे, की बाकी सगळ्यांना नावं देण्याचं कामही त्यांनीच अंगावर घेतलं होतं. नेमणुकीचं पत्र घेऊन आलेल्या नव्या बाईंना त्यांनी खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, पत्र दोनदा वाचलं आणि चष्मा कपाळावर ढकलला.

"स्वतःहून आलात की पाठवलंय?"

"दोन्ही," बाई म्हणाल्या. "शिष्यवृत्तीवर शिकले. दोन वर्षं शिक्षणाचा खर्च त्यांचा, नंतरची दोन वर्षं नोकरी मी करायची. जिथं समुपदेशक नाही अशा गावी. तसा बाँड लिहून दिलाय."

"बाँडवर आलेल्या माणसाचं अर्धं लक्ष कॅलेंडरकडे असतं," काका म्हणाले. "मागे दातांचे डॉक्टर होते. रोज सकाळी तारखेवर फुली. तुम्ही पेन्सिल आणलीय की आम्ही देऊ?"

त्या दिवसापासून ती बाँडताई झाली.

वय चाळिशीला टेकलेलं, आवाज हळू, चालणं त्याहून हळू. इथं येण्याआधी शिक्षण, आणि शिक्षणाआधी अकरा वर्षं वीज कंपनीच्या तक्रार कक्षात फोन घेणं. दुसऱ्यानं केलेल्या चुकीबद्दल सकाळी नऊपासून शिव्या खायच्या आणि शेवटी "आपल्याला आणखी काही मदत हवी आहे का" असं विचारायचं, असं ते काम. शेजारच्या टेबलांवर एक फोन दीड मिनिटात संपायचा. हिचा बारा मिनिटं चालायचा, कारण ही मध्ये बोलायचीच नाही. माणूस ओरडून ओरडून दमला, की आपोआप खरं बोलायला लागतो, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. साहेबांनी तीनदा लेखी समज दिली. तिनं तीनदा ती शांतपणे ऐकून घेतली. त्यात साहेबांचीच वीस-वीस मिनिटं गेली, आणि तिसऱ्या खेपेला ते स्वतःच्या जावयाबद्दल बोलत होते.

रोज दुपारी पावणेचारला एका म्हाताऱ्या गृहस्थांचा फोन यायचा.

"लाइट गेली का?"

"नाही. आहे."

"मग तक्रार काय आहे, आजोबा?"

"तक्रार नाही. लाइट आहे, एवढंच कळवायचं होतं."

ती नोंदवहीत ‘तक्रारीचे निरसन झाले’ असं लिहायची. एके दिवशी तो फोन यायचा थांबला. तिनं लाइनमनला त्या पत्त्यावर पाठवलं. तो सांगत आला, की म्हातारा ठणठणीत आहे, मुलीकडे राहायला गेलाय. तिला बरं वाटलं. पण पुढे कितीतरी दिवस पावणेचार वाजता तिचा हात फोनकडे जायचा. त्याच सुमारास शिष्यवृत्तीची जाहिरात आली. मानसिक आरोग्याच्या कामात पडू पाहणाऱ्या पदवीधरांना पुढच्या शिक्षणासाठी पूर्ण मदत, बदल्यात सेवेची अट. वयाची अट नव्हती. ती असती तर बरं झालं असतं, असं तिच्या आईचं मत होतं.

"लोक तुझ्याकडे बोलायला येणार? आणि तू ते शिकायला दोन वर्षं घालवणार?" आई म्हणाली. "मी जन्मभर फुकट बोलतेय. ऐकलंस कधी?"

नवरा गाडी चालवायला शिकवण्याच्या शाळेत होता. शिकाऊ माणसाशेजारी बसून दिवसभर जीव मुठीत धरण्याची सवय असल्यामुळे तो सहसा घाबरत नसे. "चार वर्षंच ना," तो म्हणाला. "माझ्याकडे लोक रिव्हर्स घ्यायला तेवढी लावतात."

राहिली मुलगी. ती तेव्हा बारा वर्षांची होती आणि घरातला व्यवहार तिलाच कळत असे. बोटांवर मोजून ती म्हणाली, "दोन वर्षं तू इथून शिकणार. दोन वर्षं परगावी. म्हणजे एकतीस मेला सुटशील. माझं शाळेचं शेवटचं वर्ष जूनमध्ये सुरू होणार. त्या दिवशी तू घरी पाहिजेस. एक दिवस उशीर झाला तरी मी बोलणार नाही."

"कबूल," आई झालेली ही बाई म्हणाली. सरकारी कागदावर तिनं न मोजता सही केली. हे कबूल म्हणताना मात्र तिनंही एकदा बोटांवर मोजून पाहिलं.

शिक्षण झालं, आणि ती आईला घेऊन या नेमणुकीच्या गावी आली. म्हणजे आईच आली. "तुला एकटीला करमायचं नाही," असं म्हणत तिनं स्वतःची पेटी आधी भरली होती.

दवाखान्यानं बाँडताईला खोली नंबर नऊ दिली. आठ फूट बाय दहा. आधी तिथं वजनकाटा आणि मोडका पलंग होता. भिंतीवर डोळे तपासायचा अक्षरांचा तक्ता तसाच राहिला होता, त्यामुळे समोर बसलेलं माणूस बोलता बोलता अडलं, की नकळत शेवटची ओळ वाचायला लागायचं. पंख्याला दोन वेग होते, बंद आणि वादळ. शेजारी खोली नंबर आठ, सांधे आणि कंबर यांच्या व्यायामाची. तिथली जागा तीन वर्षं रिकामी होती. दोन्ही खोल्यांना मिळून बाहेर एकच बाक.

बाँडच्या नियमांत एक कलम होतं. समोरासमोर समुपदेशनाचे महिन्याला किमान साठ तास भरले पाहिजेत. न भरले तर तो महिना धरायचा नाही, पुढे वाढवून द्यायचा. पहिल्या महिन्यात तीन तास भरले. त्यातला एक तास औषध कंपनीच्या विक्रेत्याचा. तो मोठ्या डॉक्टरांना भेटायला आला होता, दार चुकला आणि बसला तो उठेचना. दुसऱ्या महिन्यात पाच तास.

कारण खिडकीत होतं. खिडकीकाकांचा आवाज असा, की दवाखान्याला ध्वनिक्षेपकाची गरजच पडली नव्हती. पद्धत अशी: माणसानं खिडकीत वाकून त्रास सांगायचा, काकांनी तो मोठ्यानं म्हणत रजिस्टरात लिहायचा, म्हणजे चूक होत नाही. केसपेपर खिडकीतच राहायचा आणि माणसाला नंबराचा पत्र्याचा बिल्ला मिळायचा. खोकल्याला ही पद्धत उत्तम होती. पण बेकरीवाल्याची बायको पदर सावरत वाकली, कुजबुजली, आणि काकांनी आवाज लावला, "मानसिक का? नऊ नंबर! त्या बाकावर बसा!" तेव्हा रांगेतल्या चाळीस माना एकदम वळल्या. बेकरीवाली अशी सुटली, की बिल्ला परत द्यायचंही भान राहिलं नाही. तिच्या मागे उभी असलेली तीन माणसं अचानक सर्दी झाल्याचं सांगून मोठ्या डॉक्टरांकडे गेली.

बाँडताईनं शाळेत भाषण दिलं. भिंतींवर पत्रकं लावली. जुलैअखेर ती काकांना म्हणाली, "काका, दोन महिने वाया गेले. असंच चाललं तर मी इथून सुटणार कधी? मुलीला शब्द दिलाय."

काकांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. हे ते फार क्वचित करत.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बाक भरला. दुसऱ्या आठवड्यात माणसं उभी राहिली. बेकरीवाली आली. भावाशी सहा वर्षं न बोललेला सुतार आला. परीक्षेच्या नावानं उलटी होणारा विद्यार्थी आला. निवृत्तीनंतर घरात आपलं काय काम, हे न उमगलेले मुख्याध्यापक आले आणि पहिले चार दिवस तक्ताच वाचत बसले. महिन्याचे तास सत्तरच्या पुढे गेले. बाँडताईला वाटलं, पत्रकं लागू पडली. माणूस कितीही शिकला तरी आपण लावलेल्या पत्रकावर त्याचा जीव असतोच.

नोव्हेंबरात एका संध्याकाळी ती घरी आली, तर आई खुर्चीत पाय लांब करून बसलेली. चेहरा असा, की कुणीतरी खोलीत येऊन "काय झालं" असं विचारावं.

"काय झालं?"

"काही नाही. साऱ्या गावाचे गुडघे बरे करतेस. जन्म दिलेल्या आईचा गुडघा तेवढा तुला दिसत नाही."

"आई, मी गुडघे बघत नाही."

"मला नको सांगूस. बेकरीवाली काल म्हणाली, तुमच्या लेकीनं माझ्या गुडघ्याचं सोनं केलं. सुतार म्हणाला. घरमालकीण म्हणाली, तिच्या दिराचे दोन्ही गुडघे तूच सुधारलेस. आणि मी इथं जिना धरून उतरते!"

"मी गुडघे बघत नाही, आई. खरंच."

"मग ती बेकरीवाली कशानं बरी झाली?"

"ते मी सांगू शकत नाही."

"ऐका! आईपासून चोरून ठेवायची विद्या शिकलीय. दोन वर्षं घालवून."

दुसऱ्या दिवशी बाँडताई खिडकीच्या आतल्या बाजूनं गेली आणि रजिस्टर मागितलं. काकांनी ते दोन हातांनी झाकलं, म्हणजे चोराच्या मनात चांदणं. तिनं त्यांचे हात बाजूला केले. ऑगस्टपासून खोली नंबर नऊला पाठवलेल्या प्रत्येक नावापुढे, कारणाच्या रकान्यात, काकांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द होता. गुडघा. बेकरीवाली, गुडघा. सुतार, गुडघा. एकोणीस वर्षांचा विद्यार्थी, गुडघा, कंसात फुटबॉल.

"काका, हे काय?"

"ताई, आधी ऐकून घ्या, तुमचं कामच ते आहे." काका पहिल्यांदाच हळू आवाजात बोलत होते आणि त्याचा त्यांना त्रास होत होता. "बेकरीवाली पळाली तेव्हा मला कळलं, बाई पळाली ती माझ्या तोंडामुळे. मग मी विचार केला. पोट लिहिलं तर मोठे डॉक्टर दाबून बघतात. छाती लिहिली तर घरचे घाबरतात. डोकं लिहिलं तर आपण होतो तिथंच. गुडघा कसा, सगळ्यांना असतो, बाहेरून दिसत नाही आणि दुखत नाही असं कुणी सिद्ध करू शकत नाही. शिवाय आठ आणि नऊ नंबरचा बाक एकच. म्हटलं, गुडघा! नऊ नंबर! कुणी मान वळवत नाही."

"आणि लोकांना कसं कळलं?"

"एकाला कळलं की गावाला कळतं. आता माणूस खिडकीत येतो, इकडेतिकडे बघतो आणि म्हणतो, काका, जरा गुडघा. मी समजतो."

तिनं अभ्यासाच्या पुस्तकात एक प्रकरण वाचलं होतं. मानसिक आजाराची लाज आणि त्यामुळे उपचारापासून दूर राहणारी माणसं, पानं चाळीस. काकांनी ते प्रकरण एका सांध्यात निकाली काढलं होतं. खरं तर तिनं तिथंच थांबवायला हवं होतं. नोंद खोटी होती आणि ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण बाहेर बाकावर सात माणसं बसली होती. तिनं रजिस्टर मिटलं आणि म्हणाली, "फुटबॉल तेवढं काढा. तो मुलगा बुद्धिबळ खेळतो."

म्हणजे पुढे जे झालं त्यात तिचाही हात होता, आणि हे तिनं पुढे कधी नाकारलं नाही.

पुढे झालं असं. मोठे डॉक्टर महिन्याचा अहवाल न वाचता सही करत. त्यांच्या सहीचं अक्षर जितकं सुंदर होतं तितकंच वाचन कमी. पण वरच्या कार्यालयात कुणीतरी वाचणारा निघाला. या एका गावात गुडघेदुखी आठपट वाढलेली, तीही तरुणांत. हाडांचा संबंध पाण्याशी, असं कुणाला तरी आठवलं, आणि एक दिवस गाडीभर माणसं बाटल्या घेऊन गावात उतरली. त्यांनी विहिरींचं, नळांचं, शाळेच्या टाकीचं पाणी भरून नेलं. गावकऱ्यांनी त्यांना आनंदानं विहिरी दाखवल्या. तपासणी कशासाठी, हे विचारल्यावर "गुडघ्यांसाठी" असं उत्तर मिळालं, तेव्हा दाखवणाऱ्यांतले निम्मे लोक एकमेकांकडे न बघता घरी गेले. पाणी उत्तम निघालं. तरी काळजी म्हणून कॅल्शियमच्या गोळ्यांची चौदा खोकी आली. ती खोली नंबर आठमध्ये रचून ठेवली.

फाइल एकदा चालायला लागली, की बसायला जागा शोधतेच. ती फिरत फिरत शिष्यवृत्तीच्या कार्यालयात पोचली. तिथं साधा प्रश्न निघाला. या दवाखान्यात आपली एक समुपदेशक बाँडवर आहे, तिच्याकडे मानसिक त्रासाचे किती लोक गेले? रजिस्टरात उत्तर होतं. पहिल्या दोन महिन्यांत सहा. त्यानंतर एकही नाही.

बाँडच्या विसाव्या महिन्यात, जानेवारीत, तपासणीच्या बाई आल्या. करड्या केसांच्या, मोजकं बोलणाऱ्या, हातात स्वतःची पाण्याची मोठी बाटली. पाण्याची फाइल त्यांनी वाचलेली होती, पण पाणी उत्तम निघाल्याचं शेवटचं पान त्यांच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

काकांना रजिस्टर घेऊन त्यांनी खोली नंबर नऊमध्ये बोलावलं, ते उघडलं आणि त्या बोट फिरवत गेल्या. "तीनशे बारा माणसं. तीनशे सहा गुडघे. तुम्ही समुपदेशक आहात ना?"

"हो."

"गुडघ्यांच्या?"

काका खुर्चीतून उठले. "चूक माझी आहे बाई. यांना काही माहीत नव्हतं."

"मला नोव्हेंबरपासून माहीत आहे," बाँडताई म्हणाली. "पहिल्या वर्षाच्या नोव्हेंबरपासून."

तिनं जसं होतं तसं सांगितलं. तिच्या वहीत तारखा आणि तास होते, नावं नव्हती. वहीचे तास रजिस्टरशी अचूक जुळत होते. अडत होतं ते कारणाच्या रकान्यात.

"तुम्ही प्रत्येक भेटीची टिपणं ठेवत असाल," तपासणीच्या बाई कपाटाकडे बघत म्हणाल्या.

"ठेवते. कपाटाला कुलूप आहे."

"किल्ली?"

"माझ्याकडे आहे. माझ्याकडेच राहील. आत लोकांनी मला सांगितलेलं आहे, तुम्हाला नाही."

"म्हणजे तुमचे वीस महिने शून्य धरायचे? पुन्हा दोन वर्षं काढाल?"

बाँडताईनं मनात हिशेब केला. पुन्हा दोन वर्षं म्हणजे मुलगी शाळा संपवून कॉलेजात जाऊन बसलेली असेल. तक्त्याची शेवटची ओळ तिनं पहिल्यांदाच स्वतः वाचली. "काढायची वेळ आली तर काढीन," ती म्हणाली. आवाज होता तेवढाच हळू होता.

तपासणीच्या बाई विश्रामगृहात गेल्या, तेव्हा काकांनी खणातून पांढऱ्या शाईची बाटली काढली. "ताई, रविवार मध्ये आहे. मी बसतो. सगळे गुडघे खोडतो, खरं कारण लिहितो. सोमवारी त्यांना रजिस्टर पुन्हा दाखवू. चूक दुरुस्त केली म्हणू. तुमची मुलगी वाट बघतेय."

काकांचं म्हणणं खोटं नव्हतं. दुरुस्ती झाली असती तर नोंद खरी झाली असती आणि ती मेअखेर घरी गेली असती.

"तीनशे सहा नावांपुढे काय लिहाल, काका?"

"मानसि..." काका तिथंच थांबले.

"हे रजिस्टर खिडकीत उघडं असतं. रांगेतला पहिला माणूस उलटं वाचू शकतो. तुम्हीच म्हणता."

"मुख्याध्यापक वाचतात," काका पुटपुटले. "सवय आहे त्यांना." त्यांनी बाटलीचं झाकण लावलं. ते नीट लागेना, तेव्हा तिनं लावून दिलं.

सोमवारी तपासणीच्या बाईंनीच तोड काढली. "मला तुमचं कपाट नको. मला कारण हवंय, आणि ते लोकांनी सांगितलं तर चालेल. मी चार दिवस इथं आहे. नऊ नंबरला येणाऱ्या प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी द्यायची. नाव लिहायचं नाही. इथं कशासाठी येता आणि काय झालं, एवढं लिहून खोक्यात टाकायचं. काय लिहायचं ते कुणी सांगायचं नाही. मी खिडकीत बसणार." मग काकांकडे वळून, "आणि तुम्ही बोलायचं नाही."

कॅल्शियमच्या खोक्याला वर फट पाडून ते बाकाच्या टोकाला ठेवलं. चार दिवस काका तोंडाला कुलूप लावून बसले. लोकांनी वाकून "जरा गुडघा" म्हटलं, की ते मान हलवत आणि शेजारच्या बाईंकडे डोळ्यानं खूण करत, म्हणजे जपून. तपासणीच्या बाई ही खूणही लिहून घेत.

घरी आईला बातमी लागली होती. "मी दोघीतिघींना सांगू का, नीट लिहा म्हणून?"

"आई, तू कुणालाही काहीही सांगायचं नाहीस."

"बरं. मग जिभेचं काय करू, तेही पुस्तकात असेल तर बघ."

चौथ्या दिवशी दुपारी खोकं उघडलं. त्या दिवसांत अठ्ठावीस माणसं आली होती. चिठ्ठ्या निघाल्या एकतीस. तिघंजण नुसती चिठ्ठी टाकायला येऊन गेले होते. खोली नंबर नऊचं दार लावून तपासणीच्या बाईंनी पहिली चिठ्ठी उलगडली आणि कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली. बाँडताई समोर बसली. काका दाराशी उभे.

"‘गुडघ्याचा त्रास होता. आता बरा आहे. भावाशी बोलतो.’"

दुसरी. "‘माझ्या गुडघ्याला कारण नसताना रडू यायचं. आता आठवड्यातून एकदाच येतं.’"

काकांनी कपाळाला हात लावला. चार दिवसांत कुणी काही शिकवलं नव्हतं, आणि गावानं आपला गुडघा सोडला नव्हता.

"‘डावा गुडघा. नवरा वारल्यापासून. या बाई घाई करत नाहीत.’ ‘गुडघ्यामुळे नोकरी सोडणार होतो. सोडली नाही.’ ‘गुडघा निवृत्त झाल्यापासून दुखत होता. आता सकाळी ग्रंथालयात बसवतो. शुद्धलेखनाच्या चुका असल्यास क्षमस्व, चष्मा घरी राहिला.’"

एका चिठ्ठीत लिहिलं होतं, "गुडघा नाही. परीक्षेची भीती. खरं लिहायला सांगितलंय म्हणून लिहितो. फुटबॉल मला येत नाही."

तपासणीच्या बाईंचा चेहरा अजून सरळ होता. मग त्यांनी एक मोठी, चौघडी घातलेली चिठ्ठी उघडली. "‘माझा खरोखरच गुडघा दुखतो. मी खिडकीत गुडघा सांगितलं तर मला नऊ नंबरला पाठवलं. बाईंनी खूप विचारपूस केली. घरी सुनेशी पटत नव्हतं, ते आता पटतं. गुडघा होता तसाच आहे. त्याचं कोण बघणार?’"

इथं त्यांनी चिठ्ठी टेबलावर ठेवली, पाण्याची बाटली उचलली आणि पाणी न पिताच खाली ठेवली. हसू आवरायला माणूस काहीतरी हातात घेतो, तेवढंच ते होतं.

"कोण हा?" त्यांनी काकांना विचारलं.

काकांनी बाँडताईकडे पाहिलं. बोलायची परवानगी नव्हती.

"ते आम्ही सांगू शकत नाही," बाँडताई म्हणाली.

तपासणीच्या बाईंनी त्याच टेबलावर बसून दोन पानं लिहिली आणि वाचून दाखवली. ऑगस्टपासून पुढचे अठरा महिने: नोंदीतलं कारण चुकीचं, सेवा झालेली, महिने ग्राह्य. पहिले दोन महिने: नोंदीतलं कारण बरोबर, सेवा झालेली नाही, महिने अग्राह्य, पुढे वाढवून द्यावेत. यापुढे कारणाच्या रकान्यात कुणाचंही काही न लिहिता फक्त खोलीचा नंबर लिहावा. आणि खोली नंबर आठची जागा ताबडतोब भरावी, कारण गावात किमान एक गुडघा आहे.

"अठरा मी मान्य केले, त्याबद्दल मला विचारतील," त्या म्हणाल्या. "मी उत्तर देईन. त्या दोन महिन्यांना मात्र माझ्याकडे उत्तर नाही. तीन तास आणि पाच तास. त्यातला एक विक्रेता."

"बरोबर आहे," बाँडताई म्हणाली.

बरोबर होतंच. सुटकेची तारीख एकतीस मेवरून एकतीस जुलैवर गेली होती. शब्द दोन महिन्यांनी मोडला होता.

रविवारी तिनं मुलीला फोन केला. आधी नवऱ्यानं घेतला, सगळं ऐकलं आणि "पुन्हा दोन वर्षं नाही, दोनच महिने ना? मग ही पार्किंगची चूक समज," असं म्हणून मुलीकडे दिला.

"कोणते दोन महिने?" मुलीनं विचारलं.

"जून आणि जुलै."

"तसं नाही. तुझे कोणते दोन बाद झाले?"

"पहिले दोन."

"तेव्हा तू काय करत होतीस?"

"वाट बघत होते."

"कुणाची?"

"कुणी यायची."

"ती इथं बसूनही बघता आली असती." बाँडताईनं हेही ऐकून घेतलं. मग मुलगी म्हणाली, "मी ओरडणार होते. पण तुझ्यावर ओरडण्यात अर्थ नाही, तू ऐकून घेतेस. भांडायची सगळी मजा जाते."

"मग काय करायचं?"

"एक दिवस उशीर झाला तर बोलणार नाही म्हटलं होतं. एकसष्ट दिवस न बोलणं मला जमायचं नाही. आजीला पाठव. पालकसभा जुलैत आहे, आणि बाबा गेले तर शिक्षिकेला गाडी कशी लावायची ते शिकवून येतील."

जूनच्या पहिल्या दिवशी आई नातीकडे गेली. जाताना कुठला डबा कुठं, कुणाकडून काय आणायचं, कुणाशी किती बोलायचं, हे सांगता सांगता पहिली बस गेली, म्हणून दुसऱ्या बसनं गेली. दवाखान्यात खोली नंबर आठला नवा व्यायामतज्ज्ञ आला. खरे गुडघेवाले त्याच्याकडे जाऊ लागले. उरलेल्यांनी काही दिवस बाकावर कुठल्या बाजूला बसायचं याचा घोळ घातला, आणि मग तो घोळच त्यांना सोयीचा वाटू लागला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मुलीचा फोन आला.

"पालकसभा झाली. आजी गेली होती."

"काय म्हणाल्या शिक्षिका?"

"त्यांना बोलायलाच मिळालं नाही. आजी पन्नास मिनिटं बोलली. माझ्याबद्दल पाच, स्वतःच्या गुडघ्याबद्दल पंचेचाळीस. मागे पालकांची रांग दारापर्यंत गेली. आता त्या विचारतात, तुझी आई कधी येणार."

"एक ऑगस्टला," बाँडताई म्हणाली. "सकाळी दहाला, तुझ्या शाळेत. त्यांना सांग, मी कमी बोलते."

"मी सांगितलं. त्या म्हणाल्या, नक्की आई आजीचीच मुलगी ना?"